हेडफोनातली सवत

माह्या रुखमाबाईले, तुह्या धाकट्या सरिताचा पाया पडून नमस्कार.

तुहा गुडघा कसा आहे, भाऊजीचा खोकला गेला का, म्हस व्यायली का, हे सारं मी विचारलं अन् तू बरं आहे म्हणून सांगतलं, असं समज. मी बरी आहे. बरी म्हणजे जितीजागती आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरचा फोन आता फोन नाई राह्यला. तो घरधन्याच्या खिशात असते अन् खिशातून थेट कानात बोलते. शेजारची निशा तुह्या वडशाले येऊन राह्यली, तिच्या हाती ही चिठ्ठी देतो.

दिवाळीत आमच्या अंकुशनं पुण्याहून बापाले हेडफोन पाठवले. (मायले काय पाठवलं? कुकरचं रबर. ते बी लहान निघालं.) दोन काळे डब्बे, मधात कमान. तवापासून हे ओसरीत बसून मोबाईलवर झाडीपट्टीचे नाटकं पायतात. सारे नाई, ज्याच्यात ती चंचल नावाची नटी आहे तेच. ती रडली का हे रडतात, ती हासली का हे गालातल्या गालात. धान चुरायचं आहे, मळणीचे मजूर येऊन उभे आहेत म्हणून सांगाले गेली, त यायनं बोट वर केलं. म्हणजे थांब, तिकडं बाई रडून राह्यली. लग्न झाल्यापासून मी किती डाव रडली, कोणाचं बोट वर झालं नाई. शेवटी मी तोंडावरच विचारलं, असं काय आहे तिच्यात. त म्हणतात, "तिचा आवाज मऊ आहे. तुह्या आवाजानं धानावरचे पाखरं उडतात." (उडतात म्हणूनच त सालोसाल मले बांधीवर राखणीले बसवलं. तवा बरा गोड लागे.)

मंग मी म्हटलं, तिच्या आवाजाचाच बंदोबस्त करतो. तुले आठवते ना, आपले बाबा भजनाच्या आधी मृदंगाच्या डाव्या तोंडाले ओली कणीक थापत? कणीक लागली का आवाज जाडा, खर्जातला. हे वावरात गेल्यावर मी हेडफोन घेऊन बसली. कानावरची गादी नखानं उचलली, खाली बारके स्क्रू, ते चाकूच्या टोकानं काढले. आत कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा निघाला. मृदंगच तो, फक्त नखाएवढा. दोन्ही पडद्याले मुगाच्या दाण्याएवढी कणीक लावली अन् सारं जसंच्या तसं बसवलं. कानाले लावून पायलं, त चंचल अशी बोलून राह्यली जशी रांजणात बसून सरपंच भाषण देते. मले त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

पण बाई, या माणसाचं डोकं पाय. यायनं कानाले लावलं, तोंड उतरलं, अन् म्हणतात, "बिचारीचा घसा बसला." रेकॉर्ड केलेलं नाटक आहे, तिचा घसा बसला त मागच्या सालच्या नाटकात कसा बसन, हे इचारायची सोय नाई. उठले अन् फडताळातली शहदाची शिशी काढली. तीच, एटापल्लीहून मोठ्या मुश्किलीनं आलेली. मले खोकला झाला तवा हळदीवर भागवलं होतं. म्हणतात, तिचं नाटक वडशाले आहे या रविवारी, नेऊन देतो.

मी घाबरली. तिचा घसा बरा झाला का हे कायले जातील, असं म्हणून दुसऱ्या दिवशी डब्बे पुन्हा उघडले. कणीक वाळून चिकटली होती, ओल्या बोटानं हळूहळू काढली. पण आत एवढी पोकळी पाहून मले राहवलं नाई. उशीतला सावरीचा कापूस काढून पडद्याच्या मागं चिमूट चिमूट भरला. मले वाटलं कापसानं आवाज दबन. दबला कुठचा बापा. कर्कश होतं तेवढं गेलं, अन् ती पयल्याहून गोड बोलाले लागली, जशी माह्याच कानाशी बसून आहे.

यायनं ऐकलं अन् डोळे पुसले. तवा समजलं का यायनं तिच्या घशासाठी माताबाईले नारळ कबूल केला होता. आता नारळ फोडला, अन् अर्धा तिच्या हातात प्रसाद म्हणून द्यावा लागते म्हणतात. म्हणजे शहद होतंच, आता नारळ बी. माह्याच हातानं मी नवरा सजवून तिच्याकडं धाडून राह्यली. तू मोठी आहेस, सांग मी काय करू.

पोराईले आशीर्वाद. चिठ्ठी भाऊजीले दाखवू नको, ते हासतात.

तुही सरिता

ता. क. रविवारी मी बी येतो. यायले सांगतलं नाई, तुहा गुडघा पाहाले येतो असं म्हणीन. मंडपात दोन खुर्च्या धर, स्टेजवरून उतरायच्या वाटेवर. हे शहद घेऊन निघाले का मधात मीच उभी पायजे. ती दिसाले कशी आहे ते आधी पाहून ठेव अन् खरं सांग.

आणखी एक. कापूस भरल्यावर आवाज तपासाले म्हणून मी थोडं ऐकलं. थोडं म्हणजे दोन दुपार. ती चंचल सासूच्या दारात पोरगं घेऊन उभी आहे, अन् सासू दार उघडून नाई राह्यली. तेवढ्यात हे आले अन् मी कानावरून काढून ठेवलं. आता यायले कोणत्या तोंडानं विचारू? तू ते नाटक पायलं असशील. सासूनं तिले घरात घेतलं का नाई, तेवढं निशाच्या हाती आजच लिहून धाड. मले जेवण जाऊन नाई राह्यलं.