एक जास्त

१२ जानेवारी २०२६
परत १! काल १, परवा १. बायकोच्या, एस्पेरांसाच्या उजव्या हातात रबरी चेंडू देतो. ती दाबायला बघते — बोट हलत नाही. एक फेरी झाली की मी लॅपटॉपचं एन्टर मारतो. फेऱ्या मोजायचं काम माझ्या प्रोग्रॅमचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभर फेऱ्यांपर्यंत धीर सोडू नका. पण या प्रोग्रॅमचा दर वेळी नवा जन्म, मागचं काही आठवत नाही!
ती हसते. "तुजा यंत्र तुज्यावरच गेला!" वर ओरडते, "एन्टर करंगळीन मारूचा! टोचतंस कित्याक?" तीस वर्षं टायपिंगचा क्लास घेतला तिने. पक्षाघाताच्या झटक्यातून जीभ वाचली, हात गेला.

१३ जानेवारी
लेकीला, रिशेलला फोन. "पप्पा, आकडो फायलीत लिवन ठेव. चालू झाल्यार आदी तो वाच, एक वाढय, परत लिव."

१४ जानेवारी
तरी १. दुपारभर डोकं खाजवलं. गाढवपणा माझाच — फायलीची पाटी आधी पुसत होतो, मग वाचत होतो! ओळी वर-खाली केल्या. २. लॅपटॉप बंद करून परत लावला. ३!!
जन्मभर होड्यांची इंजिनं उघडली. बंद केलेलं इंजिन थंड पडतं, एवढंच ठाऊक. हे बंद असतानाही धरून ठेवतं.

२२ जानेवारी
२७. चौदा तारखेपासून दर फेरीला कॅलेंडरवर मी रेघ मारतो, त्याही २७. हात तसाच.

२३ जानेवारी
मासळीबाजारातून आलो, पहिली फेरी घेतली. यंत्र म्हणतं २९, रेघा २८. प्रोग्रॅम ओळ न् ओळ चाळला. चूक नाही.
"खुळावला तां यंत्र," एस्पेरांसा म्हणाली.

२५ जानेवारी, रविवार
चर्चमधून, मिस्साहून आलो तर आणखी एक जास्त — आता फरक दोनाचा! घरात ती एकटी. लॅपटॉप तिच्या पुढ्यातच असतो.
"तू दाबलंस गो? डाव्या हातान?"
"सायबाची आण, डावो हात लावूक नाय!"
देवाची आण ती खोटी घेत नाही. मग हे आपल्या मनाने चालतं की काय? मीच लिहिलेलं, आणि मलाच त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटतात.

२६ जानेवारी
पिशवी घेऊन निघालो आणि खिडकीबाहेर थांबलो. तिने चेंडू दाबला — जरासाच, पण दाबला! कपाळावरचा घाम डाव्या हाताने पुसला. मग उजवी करंगळी सरकत सरकत एन्टरवर.
बाजार करून आलो. कॅलेंडरवर तिच्या राहिलेल्या तीन रेघा मारल्या. ती बघत होती.