तुझ्या डोक्यात मी कुठे होते?

आये,

'प्रिय' नंतर लिहीन, आधी भांडण. तुला जाऊन महिना झाला आणि आज मी पालघरला तुझ्या डॉक्टरांशी भांडून आले. त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. पण तुझ्याशी भांडायला तू कुठे आहेस?

मी त्यांना एकच विचारलं. मेंदूचा झटका आल्यावरही माझी आई सुमनवहिनीला ओळखायची, शेजारच्या म्हातारीला ओळखायची, मनोरच्या बाजारातली गिऱ्हाइकं तिला नावानिशी आठवायची. मग पोटच्या पोरीलाच 'बाई' का म्हणायची?

"बसा आधी," डॉक्टर म्हणाले. मग समजावून सांगितलं. आपल्या मेंदूत ओळखीच्या एकेका माणसासाठी मूठभर पेशी असाव्यात, असं म्हणे काही शास्त्रज्ञांना वाटतं. त्या माणसाचा चेहरा दिसो, आवाज येवो की नुसतं नाव निघो, त्याच पेशी जाग्या होतात.

"म्हणजे माझ्या मेल्या?"

"तसं नाही सांगता येत. पेशी असतीलही शाबूत. चेहऱ्यावरून, आवाजावरून तिथवर जायची वाट तुटली असेल. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

वा! नक्की ठाऊक नाही म्हणे. मला ठाऊक आहे. माझा चेहरा तूच बदललास, आये!

तारापूरचं अणुकेंद्र सुरू झालं तेव्हा मी चौथीत होते. बोईसरला केंद्राच्या कॉलनीत तू मासळीची पाटी घेऊन जायला लागलीस आणि तिथल्या बायका बघून तुझ्या डोक्यात खूळ शिरलं. मंजू मासळीला हात लावणार नाय! मंजू शिकेल, पर्स घेऊन हापिसात जाईल! मी कोळंबी सोलायला बसले की पाठीत धपाटा. आपल्या सातपाटीतल्या साऱ्या पोरी मासळी वाळत घालायच्या आणि मी ओट्यावर पाढे म्हणत बसायचे. त्या मला 'कॉलनीवाली' म्हणून चिडवायच्या. तुला त्याचाही केवढा अभिमान!

झाले मी बाई. बोईसरच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले, लग्नही घाटावरच्या माणसाशी झालं. मी आले की तू माझे हात हुंगायचीस. "वास नाय ना येत?" नाही यायचा. साबणाचा यायचा.

झटक्यानंतर तुझा जीव रमावा म्हणून वहिनी सकाळी थोडी मासळी पाटीत घालून तुझ्यापुढे ठेवायची. तू ओट्यावर बसून वाटे लावायचीस. मी दर रविवारी एसटीने यायचे, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. आणि तू मान वर करून म्हणायचीस, "या बाई, ताजी हाय. कॉलनीतून आल्या ना?"

दर रविवारी! वहिनी आधी हसायची, मग डोळे पुसायची. मला मात्र नुसता संताप यायचा.

त्या शेवटच्या रविवारी मी ठरवूनच आले होते. तुझ्यासमोर फतकल मारून बसले. पाटीच्या कडेला एक मोठं पापलेट ओल्या फडक्याखाली झाकलेलं होतं. म्हटलं, "हे द्या." तू माझ्या हातावर फटका मारलास.

"त्याला हात लावू नका, बाई. ते इकायचं नाय. माज्या मंजूचं हाय. बोईसरला लॅबमदी हाय माजी पोर. आज रविवार, येल आता."

"अगं आये, मीच मंजू!" मी अशी ओरडले की अख्ख्या आळीने ऐकलं.

तू माझ्याकडे नीट बघितलंस. "नाय वो बाई," म्हणालीस, "माजी मंजू माज्यावर कवा वरडत नाय."

मी उठले. "मंजू, जेवून तरी जा, लगेच तळते," वहिनी मागून म्हणत होती. मी ऐकलं नाही, तरातरा चालत स्टँडवर गेले. त्या रागात मला एवढंही सुचलं नाही की मी तुझ्या डोक्यात होते! नावानिशी, लॅबसकट, रविवारसकट होते. फक्त हा चेहरा घेऊन मला तिथवर पोचता येत नव्हतं. हे कळायला मला आजचे डॉक्टर लागले. तू तर बुधवारीच गेलीस.

तुझे दिवस झाल्यावर वहिनीने सांगितलं. त्या रविवारी तू कुणालाच ते पापलेट उचलू दिलं नाहीस. ऊन ओट्यावर आलं तरी फडकं ओलं करत बसलीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचीस, "मंजूची एसटी चुकली काय?" संध्याकाळी ते खराब झालं आणि वहिनीने टाकून दिलं. तूही जेवली नाहीस.

काय गरज होती गं? त्या 'बाई'ला दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? आणि मी दोन घास खाऊन गेले असते तर माझं तरी काय बिघडलं असतं?

हा राग जाणार नाही, तुझ्यावरचाही आणि माझ्यावरचाही. पण एक वचन देते. माझ्या लेकीला मी वहिनीशेजारी मासळी साफ करायला बसवणार आहे आणि मीही बसणार आहे. हाताला वास आला तर येऊ दे. आणि घरात पापलेट आलं की सगळ्यात मोठं मी खाईन. रडत खाईन, तुझ्याशी भांडत खाईन, पण टाकू देणार नाही.

बाई नव्हे गं, तुझीच,
मंजू