विश्वजीतदांच्या जागी मी

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी सहा.

०-३. लीगमधली लागोपाठ तिसरी हार. दुसऱ्या गटातला एक संघ अपात्र ठरला म्हणून आमचं कॉलेज कसंबसं शेवटच्या आठांत. लाज वाटते.

कारण स्पष्ट आहे. विश्वजीतदा. वय बहात्तर. सदतीस वर्षं तेच कोच, तीच ४-४-२ रचना, तीच हिरवी टोपी. गुडघे दोन्ही गेलेले, बेंचवरून उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. माणूस देवासारखा आहे, याबद्दल दुमत नाही. पण देव मिडफिल्ड सांभाळत नाही.

कोच बदललाच पाहिजे. नवा कोण, हेही मला माहीत आहे. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मी.

माझी पात्रता: (१) याच कॉलेजचा माजी खेळाडू. १९९० च्या फायनलमध्ये शेवटची अकरा मिनिटं दांनी मला उतरवलं होतं. चेंडू दोनदा माझ्याकडे आला. एकदा हाताला लागला, ते सोडून द्या. (२) बँकेत तीस वर्षं माणसं हाताळली आहेत. (३) युरोपातल्या मॅचेस नियमित बघतो. तीन पुरेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

उद्यापासून पहाटे साडेपाचला मैदानावर जाऊन संघाचं निरीक्षण करणार. आजच शिट्टी आणली. घरात एकदा वाजवून पाहिली. बायको नंदा म्हणाली, कुकरची वाटली, गॅस बंद करून आले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निरीक्षण राहिलं. थंडी.

संध्याकाळी दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, चहाच्या दुकानावर जोरदार चर्चा. नेहमीचे आठदहा फॅन. निम्मे म्हणतात दा गेले पाहिजेत, निम्मे म्हणतात दा गेले तर संघच उरणार नाही. चहावाला मातीच्या प्रत्येक कुल्हडामागे इथल्या बोलीत तेच विचारतो, का गुरु, दादा रहिहैं कि जइहैं? निनाद दांच्या बाजूने. निनाद रेल्वेत, बदलीवर आला आणि इथलाच झाला. कॉलेज त्याचं नाही, पण बोलतो सगळ्यांत जास्त. म्हणे तीन मेन प्लेयर डेंग्यूने पडलेत, त्यात दांचा काय दोष. मी म्हटलं, कोचकडे प्लॅन बी असतो. तो म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. सगळे हसले. हसतील त्यांचे दात दिसतील.

घरी येऊन ग्रुप काढला. ‘परिवर्तन मंच’. मी अ‍ॅडमिन. पंधरा मिनिटांत चौदा मेंबर. लोकांना नेतृत्व हवंच होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मोठी बातमी. क्रीडा समितीच्या अध्यक्षा शरदिनी मॅडम यांनी जाहीर केलं की स्पर्धा संपेपर्यंत कोच तेच, त्यानंतर समिती निर्णय घेईल. म्हणजे फायनलपर्यंत. म्हणजे ७ डिसेंबर.

पद मानद आहे. अर्ज मागवत नाहीत, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. आपणच आपलं नाव पुढे करणं बरं दिसत नाही. निनादला सहज विचारलं, दांच्या जागी कोण शोभेल? त्याने पाच नावं घेतली. त्यातला एक वारला आहे. माझं नाव नाही.

रात्री झोप येईल असं वाटत नाही. दैवी पाठबळ हवं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चुलतभाऊ विश्वेश्वरकडे गेलो. विश्वेश्वर भटजी, घाटावर सगळ्यांची अनुष्ठानं करतो. अकरा दिवस रोज अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, शेवटी पूर्णाहुती, असं ठरलं. हेतू: पदाची कीर्ती आणि स्थैर्य.

अडचण एकच. आरंभी यजमानाचं नाव आणि गोत्र उच्चारून हेतू सांगावा लागतो. विश्वेश्वरला सकाळी सांगितलेलं दुपारी ब्रह्माघाटावर पोचतं. माझं नाव घेतलं तर संपलंच. तेव्हा मी तोडगा काढला. नाव नको, नुसतं ‘आपल्या कॉलेजच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक’ असं म्हण. अकरा दिवसांचं फळ काही पहिल्या दिवशी मिळत नाही. ते हातात पडेल तेव्हा मुख्य प्रशिक्षक मीच असणार. हिशेब सरळ आहे.

विश्वेश्वरने दोनदा विचारलं, नक्की का? मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, श्रीनिवास, तू असा आहेस हे माहीत नव्हतं. माझी दूरदृष्टी त्याच्याही लक्षात आली असावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दांच्या घरून नव्या गुळाच्या संदेशाचा, त्या बंगाली मिठाईचा, डबा आला. नंदाने विचारलं, हे कशाबद्दल. मी म्हटलं, हंगाम आहे.

संध्याकाळी उलगडा झाला. विश्वेश्वरने सगळीकडे सांगितलंय की सगळे दांना काढायला उठले असताना एकट्या श्रीनिवासने गुरूसाठी अनुष्ठान बसवलं. यजमानाचं नावसुद्धा घेऊ दिलं नाही, इतका निरपेक्ष! चहावाल्याने माझ्या कुल्हडात मलाई जास्त घातली. निनाद गळ्यात पडला. दांच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं.

खुलासा करावा की नाही, याचा विचार केला. केला नाही. प्रतिमा चांगली होत असेल तर होऊ द्यावी. ‘परिवर्तन मंच’वर मात्र लोक गोंधळलेत. दोघांनी विचारलं, आपण नक्की कोणत्या बाजूला? मी हात जोडलेला इमोजी टाकला.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्वार्टर फायनल. जिंकलो. २-०.

सकाळी पूर्णाहुती, दुपारी दोन गोल. पहिला तर प्रतिस्पर्ध्यांच्या बॅकने स्वतःच्याच जाळ्यात मारला. असं गेल्या चार वर्षांत झालं नव्हतं.

सगळे नाचत होते. मीही नाचलो. मग एकदम थांबलो. मुख्य प्रशिक्षक कोण आहेत आत्ता?

२४ नोव्हेंबर, सोमवार

बँकेतून लंच टाइममध्ये निघून विश्वेश्वरकडे. विचारलं, फळ नेमकं कुणाला लागतं? म्हणाला, ज्याच्यासाठी मागितलं त्याला. मी विचारलं, पदाला की माणसाला? तो म्हणाला, पदावर जो बसलाय त्याला, आणखी कुणाला? विचारलं, थांबवता येतं का? तो हबकला. मी घाईने म्हटलं, दांना एवढं यश सोसेल का, हृदयाचा प्रश्न आहे. तर म्हणाला, काळजी करू नकोस, आरोग्याचाही उच्चार केलाय.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण घाबरायचं कारण नाही. सेमी फायनलला समोरचा संघ तगडा आहे. दोन वर्षं चॅम्पियन. तिथे अथर्वशीर्ष काय करणार?

३० नोव्हेंबर, रविवार. रात्री आठ.

टायब्रेकरमध्ये ४-३. जिंकलो.

खरं लिहितो. आमच्या पोराने शेवटची पेनल्टी मारायला चेंडू ठेवला तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बाहेर जाऊ दे. चौतीस वर्षं या संघासाठी उन्हात उभा राहिलोय. असं मनात कधी आलं नव्हतं. गोल झाल्याची आरोळी ऐकली, तरी लगेच डोळे उघडले नाहीत.

अर्थात हे संघाच्या दीर्घकालीन हितासाठीच. एक ट्रॉफी गेली तरी चालेल, पण दा राहिले तर पुढची दहा वर्षं गेली. मोठा विचार करणाऱ्याला अशी दुःखं सोसावीच लागतात.

३ डिसेंबर, बुधवार

‘परिवर्तन मंच’मधून नऊ जण बाहेर पडले. उरलेल्यांपैकी कुणीतरी नाव बदलून ‘दा जिंदाबाद’ केलंय. अ‍ॅडमिन अजून मीच आहे.

फायनल रामनगरच्या संघाशी. त्यांचा दहा नंबरचा पोरगा फ्री किक भन्नाट मारतो. त्याचे व्हिडिओ तीनदा पाहिले. आशेला जागा आहे.

जेवण जात नाही. नंदा म्हणते ॲसिडिटी. असू शकते.

६ डिसेंबर, शनिवार

गल्लीत दा भेटले. भिंतीला हात लावत लावत चढण चढत होते. थांबून माझा खांदा धरला. म्हणाले, कल तुम हमारे बेंच के ठीक पीछे बैठना, मैडम के बगल में, जगह रखवा दी है. काहीतरी बोलायचंय, मॅचनंतर. आणि हसले.

कळलं. जिंकल्यावर सगळ्यांसमोर माझ्या हातून स्वतःला हार घालून घेणार. अनुष्ठान करणारा शिष्य! मग मॅडम माइकवर म्हणणार, दाच कायम. आणि मी टाळ्या वाजवायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

उद्या रामनगर जिंकलंच पाहिजे. शेवटची संधी आहे. यानंतर मी पंचावन्नचा होतो.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी साडेसहा.

क्रमाने लिहितो.

मैदान खचाखच. माझी खुर्ची बेंचच्या मागे, उजवीकडे शरदिनी मॅडम. त्यांच्या पायाशी एक पिशवी, त्यात झेंडूचा हार दिसत होता. मी ओळखलंच.

विसाव्या मिनिटाला आम्ही १-०. हाफ टाइमनंतर त्यांनी बरोबरी केली. मॅडमनी पाणी दिलं, मी प्यायलो नाही. सत्तर मिनिटं, ऐंशी मिनिटं. निनाद कठड्यावर चढून ओरडत होता. दा टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेले.

चौऱ्याऐंशीवं मिनिट. बॉक्सच्या बाहेर रामनगरला फ्री किक. दहा नंबरचा पोरगा चेंडूपाशी आला.

गोल.

आणि मी उठून उभा राहिलो. नुसता नाही. दोन्ही हात वर करून. ‘गोल!’ असं ओरडलो. टाळ्या वाजवल्या. किती, ते आठवत नाही. आमच्या बाजूचे हजारएक लोक बसलेले आणि मी एकटा उभा.

मॅडम मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. निनाद कठड्यावरून बघत होता. बेंचवरून दा अर्धवट वळले होते.

मी म्हटलं, पायाला मुंग्या आल्या.

त्यानंतर आम्ही दोन गोल केले. सत्याऐंशी आणि नव्वद अधिक दोन. ३-२. चॅम्पियन. लोक मैदानात धावले. मॅडम पिशवी उचलून दुसऱ्या दाराने गेल्या. हार कुणालाच घातला नाही. माइकवर फक्त आभार मानले.

८ डिसेंबर, सोमवार

बँकेत रजा. ताप असावा.

नंदाला सगळं गल्लीतूनच कळलं. तिलाही मुंग्यांचं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, मुंग्या पायाला आल्या होत्या तर हात का वर केले? यावर उत्तर शोधतोय. बॅलन्स साधण्यासाठी, हे बरं वाटतं.

विश्वेश्वर येऊन गेला. बसला नाही. दारातूनच म्हणाला, आजवर आमच्या मोहल्ल्यात कुणी समोरच्याच्या गोलला टाळी वाजवली नव्हती. ग्रुपवरून मला काढलंय. अ‍ॅडमिनला कसं काढलं, कळत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. समोर एक कागद ठेवला. दांचं अक्षर, तारीख १७ नोव्हेंबर. हिंदीत.

वाचलं ते जसंच्या तसं उतरवायची ताकद नाही. थोडक्यात असं की गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय, स्पर्धा संपली की मी निघतो. माझ्यानंतर हे काम श्रीनिवासला द्यावं. फुटबॉल त्याला कमी कळतो, तो मी घरी बसून शिकवीन. पण सगळे मला काढायला निघाले तेव्हा हा एकटा माझ्यासाठी देवापुढे बसला. जो वाईट दिवसांत संघाला सोडत नाही, तोच संघाचा कोच.

समितीने एकमताने मान्य केलं होतं. फायनलनंतर मैदानातच जाहीर करणार होते. हार माझ्यासाठी होता.

मॅडमनी एवढंच विचारलं की टाळ्या कशासाठी होत्या. मी म्हटलं, खेळभावना. त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. दुसरं नाव कुणाकडेच नाही, म्हणाल्या, तेव्हा दांनाच आणखी एक वर्ष राहायची विनंती केलीय. ते हो म्हणालेत. ऑपरेशन पुढे ढकललं.

१० डिसेंबर, बुधवार

दांकडे गेलो. जायचं नव्हतं, नंदाने ढकललं.

पलंगावर बसले होते, गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या लावून. काय बोलायचं ते तीन प्रकारे ठरवून गेलो होतो. त्यांनी बस म्हटलं, चहा मागवला. मुंग्या कमी झाल्या का, विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. मला रडू येत होतं, ते मी खोकून घालवलं.

निघताना म्हणाले, श्रीनिवास, मन में मत रखना. वो फ्री किक थी ही ऐसी, हमारा भी मन हुआ था ताली बजाने का.

मी हो म्हणालो. हो, फारच सुंदर होती, म्हणालो.

मी ती पाहिलीच नव्हती. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा मी दांच्या पाठीकडे बघत होतो.