सक्तीच्या बाजूने

गुरुवार, १६ ऑक्टोबर

टोचून झालं. आता अठ्ठावीस दिवस जीभ जड, आणि धनंजय हलका.

इथे आखातात, रुवी भागातल्या क्लिनिकमध्ये मी दर वेळी स्पष्ट नको म्हणते. नर्स धनंजयकडे बघते, तो मान हलवतो, मी खुर्चीत बसते. एवढीच सक्ती! कोर्ट नाही, पोलीस नाही, दोर नाही. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे आणि नवऱ्याने एप्रिलमध्येच सांगून ठेवलंय – इंजेक्शन नाही तर तिकीट. साताऱ्याचं, एकतर्फी.

मान्य, मार्चमध्ये निझव्याच्या सूकमध्ये, भर बाजारात, चांदीच्या दुकानासमोर उभी राहून मी दोन तास भाषण केलं. नऊ रात्री झोपले नव्हते. पण भाषण वाईट नव्हतं. लोक थांबले होते!

शनिवार, २५ ऑक्टोबर

इथल्या मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय: नकार देणाऱ्या मनोरुग्णाला घरी ठेवून सक्तीने औषध द्यावं का? आमचे सेक्रेटरी बाळकृष्ण, त्यांनी कुठल्याशा मासिकातून उचलला. बिचाऱ्यांना काय कल्पना! मंडळाच्या लेखी मार्चमध्ये मी बाबांच्या ऑपरेशनसाठी साताऱ्यात होते.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरते. सोळा वर्षं या मंडळात मी माणसाच्या स्वातंत्र्यावर घसा कोरडा केला. चिठ्ठी उघडली – सक्तीच्या बाजूने!

दार्सैतला घरी पोचेपर्यंत हसत होते. धनंजयने दोनदा गाडी हळू केली, हे हसणं कुठल्या प्रकारचं ते बघायला.

शनिवार, १ नोव्हेंबर

लिहून होत नाही. शब्द सापडेपर्यंत वाक्य निघून गेलेलं असतं. धनंजय इस्त्री करत होता. म्हटलं, तेरा तारखेचं इंजेक्शन सोडू या, फक्त एकच. शर्टावरून नजर न उचलता म्हणाला, हा मुद्दा भाषणात घे, 'फक्त एकच' असं सगळेच पेशंट म्हणतात.

घेतला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिला नंबर.

धनंजय घरात जे तुटक तुटक बोलतो, तेच मी चांगल्या मराठीत मांडलं. घर पेटलं तर दार वाजवून परवानगीची वाट बघता का? टाळ्या! दार आतून कोणी लावलंय, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विरुद्ध बाजूला कासमभाई. मूळचे रत्नागिरीचे, बरक्याला मासळीचा व्यापार. त्यांची आई गोळ्या घेत नसे. दोघा भावांनी हात धरून द्यायला सुरुवात केली. ती बरी झाली, म्हणाले.

"पन मरेस्तवर माझ्या हातचा पानी तिनं घेतलान नाय."

पुढचा मुद्दा विसरले आणि खाली बसले. उत्तरादाखल मी त्यांना एका मिनिटात निकालात काढलं – आई बरी झाली, हे तुम्हीच कबूल केलंत ना!

रविवार, ९ नोव्हेंबर

धनंजयचं परवापासून नवीनच. जेवताना माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवतो आणि बघत बसतो. मी पिते. तहान लागलेली असते. शेवटी आज विचारलं, झालंय काय?

"गुरुवारी मी येणार नाही," म्हणाला. "घ्यायचं की नाही ते तू ठरव. तिकिटाचं बोललो ते मागे घेतो."

म्हणजे नंबर मला, आणि सभागृहातला जो एक माणूस मला जिंकायला हवा होता, तो कासमभाईंनी नेला!

सात महिने जे मागितलं ते मिळालं. आता रागवायला घरात कोणी उरलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

परवा चार तास झोप, काल तीन. आणि डोकं लख्ख! एका बैठकीत तीन भाषणं लिहिली, कुणी मागितलेली नसताना. जीभ सुटली आहे. फार छान वाटतंय.

निझव्याच्या आधीही असंच छान वाटत होतं.

धनंजयने तिन्ही भाषणं चाळली. तोंडातून अक्षर नाही. शब्द पाळतोय, मेला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

टॅक्सी केली, एकटी गेले. नर्सने फाइल उघडली आणि माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं. "मॅडम, हस्बंड किधर है?" फाइलवर लाल शाईत लिहिलंय: पेशंट नकार देते, पतीसमोरच द्यावे. म्हटलं, आज मी नकार देत नाहीये. म्हणाली, ते डॉक्टरच बदलू शकतात, आणि डॉक्टर रविवारी.

रविवारपर्यंत माझा मला भरवसा नाही.

बाहेर येऊन धनंजयला फोन लावला. "लगेच ये," म्हटलं, "आणि मला जबरदस्तीने आणलंस असं सांग."