दोन अवतरणचिन्हं

चिंचवड, मंगळवार, ८ मार्च १९८३

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइली पुसायचा शेल प्रोग्रॅम, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, मीच लिहिला. त्यात डॉलरची खूण केली की मशीन तिथे फाइलचं नाव घालतं. त्या खुणेभोवती दोन अवतरणचिन्हं द्यायची असतात, म्हणजे नावात मोकळी जागा असली तरी मशीन ते एकच नाव धरतं. मी दिली नाहीत. चालतंय की, म्हटलं.

स्टोअरचे वाघमारेकाका रॅकच्या पाटीवर असेल तेच नाव फाइलला देतात. पाटीवर होतं ‘गिअर जुने’, मध्ये जागा सोडून. मशीनला ती दोन नावं वाटली. ‘जुने’ नावाची फाइल नव्हतीच. ‘गिअर’ होती, चालू साठ्याची. तीच पुसली गेली. शनिवारपर्यंतची नक्कल टेपवर आहे, पण काल-आजची आवक गेली.

साहेब कडाडले, "नावात जागा कुणी सोडली?"

काका उभे राहिले. "मी, साहेब. मला त्यातलं काय कळत न्हाई."

मेमो त्यांना मिळाला. पुढच्या महिन्यात रिटायर होणार आहेत ते.

आणि मी गप्प. अजून कायम नाही मी, आमच्या घरात ऑफिसात बसणारी पहिलीच, सगळं खरं. पण दोन अवतरणचिन्हं! तेवढी दिली असती तर...

सुटल्यावर आकुर्डीच्या बसला उभे असताना काका हळूच म्हणाले, "घाबरू नको पोरी. तुझं नाव कुठं आलं न्हाई."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून उभे राहिले.

उद्या सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. लिहून ठेवते, नाहीतर मी जाणार नाही. मी मला ओळखते.