थांबणं आणि संपणं

बाबा, आज दुपारी तुमची शिकवणी आठवली आणि अंगावर काटा आला.

बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी, याच स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटायची आणि तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून आलात की माझे इंग्रजी निबंध तपासायचात. एकदा मी लिहिलं, गाडीची शिटी ‘कंटिन्यूअस’ वाजत होती. "अशी वाजतच राह्यली तं डायवर मेला का काय?" तुम्ही विचारलंत. आई लाटणं धरून हसत सुटली. मग तुम्ही समजावलंत, कंटिन्यूअस म्हणजे मधे खंडच नाही, डोक्यावरच्या पंख्यासारखं. शिटी थांबते आणि पुन्हा येते, ती कंटिन्यूअल. मी म्हटलं, थांबली म्हणजे संपलीच ना? तुम्ही भडकलात. "पोट्टे, थांबणं अन् संपणं एकच असते का?"

शेवटच्या आजारपणात तुमचा आवाज फुटेना. पाणी हवं असलं की तुम्ही स्टीलचा पेला लोखंडी पलंगावर वाजवायचात. त्याला कितीतरी वर्षं झाली, पलंगही भंगारात गेला. पण आई अजून मधूनच उठते, पेला भरून तुमच्या रिकाम्या खोलीत ठेवते. "तुहे बाबा पाणी मागून राहिले. तुले काहून ऐकू येत नाही?" तिचे कान तपासून झाले, माझं चिडून झालं. माझ्या फ्लॅटवर चल म्हटलं की एकच उत्तर, मी गेल्यावर यांना पाणी कोण देईल? या खेपेला कशीबशी तयार झाली. उद्या सकाळी टेम्पो येणार होता.

आज सामान बांधून झालं. आई माझ्यासमोर चटईवर झोपली होती, पेले सगळे पोत्यात. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला, आणि तुमच्या खोलीतून टण् टण् असा आवाज आला. लोखंडावर स्टील. मग काहीच नाही. चांगला वेळ गेला, आणि पुन्हा तसंच वाजलं. आई गाढ झोपेत होती, तिचे दोन्ही हात छातीवर होते.

टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. आई उठली की काय सांगायचं ते अजून ठरत नाही. हे पत्र ठेवायला तुमची खोली समोरच आहे, पण ठेवणार नाही; तुम्ही पाणी मागितलंत, पत्र नाही. पोतं सोडून पेला काढला, पाणी मीच आणलं, बाबा. आत बघायची मात्र हिंमत झाली नाही. पेला उंबऱ्यावरच ठेवला.