तिसऱ्या कप्प्यातले कांदे

चाकण, १९ मे २०२५

ती. पप्पांना अंजलीचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि नुसतं हो-हो करता, म्हणून लिहितेय. बी.एस्सी. कृषीची चार वर्षं पुस्तकातला कांदा शिकले. इथे कांदा संशोधन केंद्रात इंटर्नशिपला आल्यापासून खरा कांदा तोलतेय. हातांचा वास जात नाही.

पण पप्पा, मोठी चूक झाली. साठवणीच्या तिसऱ्या कप्प्यात झाडताना मी पंखा बंद केला आणि लावायला विसरले. तो कप्पा आठवड्यातून एकदाच उघडतो. आज उघडला, तर बरेच कांदे कुजलेले. दिपालीताईंच्या पीएच.डी.च्या प्रयोगाचे होते ते. त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. वीज गेली असेल असं सगळे धरून चाललेत, आणि मी गप्प आहे. सगळं सोडून घरी यावंसं वाटतं. मम्मीला सांगू नका.

तुमच्या मायेची,
अंजली

काळेवाडी, २३ मे २०२५

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र महाळुंग्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. घरी आल्यावर मम्मीनं माझं तोंड बघूनच ओळखलं. पोरगी नीट जेवत नसणार, एवढंच म्हणाली.

घर तुझंच आहे, कधीही ये. पण आधी ताईंना तुझ्या तोंडानं सांग. मी कंपनीत नवा असताना माझ्या हातून प्रेसची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, फुटली. मी बोललो नाही. आळ माझ्याबरोबरच्या भीमराजवर आला आणि त्याला दोन महिने घरी बसवलं. तो आजही भेटला की हसून बोलतो, आणि माझी मान वर होत नाही. हे मम्मीलाही माहीत नाही.

आणि ते कांदे फेकू नका. आमच्याकडे खराब माल आधी टेबलावर मांडतात, कुठून बिघडला ते बघतात. रडून झालं असेल तर तूही बघ.

जेवत जा.
पप्पा

चाकण, १२ जून २०२५

ती. पप्पांना सप्रेम जय भीम, वि. वि.

सांगितलं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच दोन सुऱ्या घेऊन आल्या. आम्ही सहाशे कांदे चिरले, एकेक बघून वहीत लिहिलं. जाड मानेचे, म्हणजे पातीकडे जाड असलेले, आधी कुजले होते. बारीक मानेचे बरेचसे टिकले. ताईंच्या गाइड मॅडम म्हणाल्या, यात नवं काही नाही, पण शेतकऱ्याच्या पंखे लावलेल्या कांदाचाळीत वीज जातेच, तेव्हा किती कांदा जातो हा आकडा कामाचा आहे.

तरी ताईंना तो प्रयोग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करावा लागणार. म्हणून मी एम.एस्सी.ला इकडेच यायचं ठरवलंय. तोलायला मी आहे, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ये, पण पंख्याला हात लावायचा नाही!

मम्मीला म्हणावं, दोन वेळा जेवते.
अंजली

काळेवाडी, १६ जून २०२५

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मम्मीनं शेजारी सगळ्यांना वाचून दाखवलं.

काल चऱ्होलीला भीमराजच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो उठून आत गेला. वहिनींनी चहा दिला, तो मी एकट्यानंच प्यायलो. निघताना भीमराज बाहेर आला, त्यानं फाटक उघडून धरलं आणि परत आत गेला.

तुझ्या ताईंना तीन दिवस लागले. माझं तर वीस वर्षांचं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

आहे तसा लोभ ठेव.
तुझा पप्पा